पोहण्याच्या हौदातील पाणी : बदलायचे किती आणि सोडायचे कोठे?



मथळा वाचून काही जणांना हसू येईल. "उसाच्या बिलाचं बोला, आवर्तनाचं बोला, हे पोहण्याच्या हौदाचं काय घेऊन बसलात?" असे विचारणारे भेटणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. पण गेल्या काही वर्षांत आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शिवारात काय बदल झाला आहे, तो डोळे उघडे ठेवून पाहावा. २०१८ साली शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर पाहायला येणारा शहरातला माणूस आता रात्री मुक्कामाला थांबतो, आणि मुक्कामाच्या जागी पहिला प्रश्न विचारतो, "पूल आहे का?" म्हणून उसाच्या बांधाला निळ्या फरशीचे हौद उठू लागले आहेत. काही पुण्या-मुंबईच्या लोकांच्या बंगल्यात आहेत, तर काही आपल्याच सभासदांच्या वस्तीवर आहेत.

यात वाईट काही नाही. शिकलेल्या पोराला गावातच चार पैसे मिळत असतील तर आम्हांस त्याचा आनंदच आहे. तक्रार आहे ती वेगळीच. पाणी जरा हिरवे दिसले की बूच काढायचे, सगळे पाणी ओढ्याला सोडायचे, आणि विहिरीची मोटर चालू करून हौद पुन्हा काठोकाठ भरायचा, अशी रीत पडत चालली आहे. ऐन एप्रिलमध्ये, शेजारच्या उसाची पाने वळलेली असताना हे चालते. मग पारावर चर्चा होते, भांडणे होतात. या भांडणात कोणाची बाजू घेण्याआधी हिशेब मांडलेला बरा.

घरगुती हौद समजा २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल आहे. म्हणजे ८०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. एकूण झाले सुमारे २२ हजार ६०० लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर आणि वर थोडे. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने हे पाणी चारशेहून अधिक माणसांचे एका दिवसाचे झाले. आपल्याच तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात आदिवासी वाड्यांवर बाया-माणसे टँकरची वाट पाहतात. त्यांच्या डोळ्यांनी हा हौद पाहिला म्हणजे ओढ्याला सोडलेल्या पाण्याची किंमत कळते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही लबाड ठरू. एक एकर उसाला पाटाने तीन इंचाचे एक पाणी द्यायचे तर सुमारे ३ लाख ८ हजार लिटर लागतात. मार्च ते मे हे तेरा आठवडे धरा. दर आठवड्याला अख्खा हौद बदलला तरी तीन महिन्यांत सुमारे २ लाख ९४ हजार लिटर पाणी होते. म्हणजे उन्हाळाभर उधळपट्टी करणारा एक हौद आणि एका एकर उसाचे एकच पाटपाणी, जवळजवळ सारखे! रात्री बारे धरून झोपी जाणारा आणि सकाळी पाणी रस्त्यावर आलेले पाहणारा सभासद हौदवाल्याकडे बोट दाखवू लागला, तर उरलेली बोटे त्याच्याकडेच वळलेली असतात.

२०१६ सालचा एप्रिल आठवून पाहा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि ५ लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. कारण मैदानावर मारायचे पाणी लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले होते. बेंगळुरूत २०२४ च्या मार्चमध्ये पाणी मंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरायला बंदी केली आणि ५ हजार रुपये दंड ठेवला. टंचाई आली की पहिली नजर जाते ती दिसणाऱ्या पाण्यावर. निळा हौद दिसतो, पाटाने मुरलेले पाणी दिसत नाही. पण उसाकडे बोट दाखवणारेही राज्यात थोडे नाहीत. लातूरच्या त्या गाडीतले पाणी आपल्या दोन एकर उसाच्या एका पाण्यालाही पुरले नसते, हे आपण मनाशी कबूल केलेले बरे.

"विहीर आमची, वीजबिल आम्ही भरतो, मग विचारणारे तुम्ही कोण?" असेही ऐकायला मिळते. बरोबर आहे, विहीर तुमची. पण झरा कोणाचा? माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आपल्या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या कालव्यांचा पाझर आपल्या विहिरींना लागतो. त्याच पाण्यावर खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. आवर्तनाच्या वेळी आपण "आमच्या हक्काचं पाणी" म्हणून आवाज चढवतो. तेव्हा समोरच्याने आपल्या ओढ्याला वाहणारे हौदाचे पाणी दाखवले, तर आपल्याला तोंड राहणार नाही.

मग करायचे काय? आमचे मत असे की, हौद असू द्या, पण पाणी बदलण्याची सवय सोडा. पाणी हिरवे झाले याचा अर्थ ते संपले असा नव्हे, त्याची निगा राहिली नाही एवढाच. गाळणी रोज चालवली, तळ झाडला, क्लोरिन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम ठेवले आणि सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखला, तर तेच पाणी दीर्घ काळ चालते. सामू म्हणजे काय हे आपल्याला नवीन नाही. कारखान्यात रसाला चुना देताना सामूच पाहतात. हौदासाठी चाचणीची छोटी पेटी मिळते. दोन थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. गाळणीचा खर्च वाचवून दर आठवड्याला हौद उपसणारा माणूस पैसा वाचवीत नाही, तो खर्च विहिरीच्या नावे टाकतो.

पाणी कधीच बदलू नये असेही नाही. आपल्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. काहिलीत रस आटतो, वाफ निघून जाते आणि गूळ मागे राहतो. हौदाचेही तसेच आहे. कडक उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे आपल्या हिशेबातल्या हौदातून रोज सुमारे दीडशे लिटर. वाफ जाते, क्षार मागे राहतात. वरून पुन्हा विहिरीचे जड पाणी आले की क्षारांची आणखी भर पडते. शिवाय क्लोरिनच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांपैकी पुष्कळ गोळ्यांत क्लोरिन उन्हात टिकावे म्हणून सायन्युरिक आम्ल असते. क्लोरिन खर्चून जाते, ते आम्ल मात्र साठत जाते. लिटरमागे ते १०० मिलिग्रॅमच्या वर गेले की क्लोरिन कितीही टाका, त्याचा जोर चालत नाही. अशा वेळी पाणी बदलावेच लागते. पण सगळे नव्हे. १०० चे ५० करायचे तर निम्मे पाणी काढून ताजे भरले की झाले. पाव पाणी बदलले की पाव ओझे उतरते. म्हणून आधी मोजावे, मग बूच काढावे.

यासाठी पावसासारखा सोबती नाही. मृग निघण्याच्या सुमारास हौद फूटभर उपसून ठेवावा. ४ फुटांतला एक फूट म्हणजे पाव हिस्सा. तो आभाळातून भरून येतो, त्यात क्षार नसतात आणि मोटर लावावी लागत नाही. उन्हाळ्यात, आणि पाहुणे नसतील त्या दिवशी, हौदावर ताडपत्री ओढली तर उडून जाणारे बरेच पाणी वाचते.

हौद पूर्ण रिकामा करणाऱ्यांना आणखी एक इशारा. रिकामी घागर विहिरीत दाबून पाहा, ती वर उसळते. पावसाळ्यात किंवा कालव्याच्या कडेला जमिनीतले पाणी वर आलेले असते. भरलेला हौद त्याचा दाब तोलून धरतो. रिकामा केला की खालून रेटा बसतो, तळाला तडे जातात, प्रसंगी हौदच उचलला जातो. एका दिवसाच्या स्वच्छतेपायी बांधकाम जायचे. आणि हौद भरलेला असो की रिकामा, त्याला कुंपण हवेच. उघड्या विहिरींत बिबटे पडल्याच्या बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत, आणि लहान पोरांचे भय त्याहून मोठे.

राहिला प्रश्न, काढलेले पाणी सोडायचे कोठे? ओढ्यात नाही आणि विहिरीच्या काठालाही नाही. क्लोरिनचे पाणी ओढ्यातल्या माशांना मारते. काही दिवस औषध बंद ठेवावे, पाणी उन्हात उघडे ठेवावे आणि चाचणीत क्लोरिन जवळजवळ शून्य आले की मगच ते झाडांना, उसाला द्यावे. गोळ्यांच्या पाण्याला याला वेळ जास्त लागतो, तेव्हा घाई करू नये. २२ हजार ६०० लिटर म्हणजे तीन गुंठे उसाला तीन इंचाचे एक पाणी. ते फुकट का घालवायचे? मात्र शेवाळासाठी मोरचूद वापरले असेल तर दर वेळी एकाच जागी सोडू नये. आणि मिठापासून क्लोरिन करणारे जे यंत्र निघाले आहे, त्या हौदाचे पाणी शेताला मुळीच देऊ नये. त्यात लिटरला साधारण ३ ग्रॅम मीठ असते. आपल्या मापाच्या हौदात ते सुमारे ६८ किलो झाले. स्वतःच्या रानात पोतेभर मीठ कोण ओतेल? जमिनी चोपण होण्याचे दुःख ऊसवाल्याला सांगायला नको. आमचे तर म्हणणे असे की, शेतावर हौद बांधणाऱ्याने त्या यंत्राच्या वाटेला जाऊच नये.

आपल्या लहानपणी पोहण्याचा हौद नव्हता असे थोडेच आहे? मोटरीचे पाणी पडायचे त्या हौदात पोरे डुंबायची, आणि तेच पाणी पुढे पाटाने उसाला जायचे. पाणी बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण पाणी थांबत नव्हते. आज पैसे देणाऱ्या पाहुण्याला तसल्या पाण्यात उतरवता येणार नाही, आरोग्य पाहावेच लागेल. पण घरच्या पोरांपुरता हौद बांधायचा असेल, तर औषध न टाकता तो ठिबकच्या वाटेवरच बांधावा. आलेले पाणी डुंबून पुढे शेतात जाईल.

जुन्नरच्या लेण्यांतले दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख सांगतात की, लोकांनी तेथे पाण्याची टाकी खोदवून दान दिली. आपल्या मुलखात पाण्याचा साठा करणाऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले. उपसून ओढ्याला सोडणाऱ्याचे नाव कोणी कोरल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

तेव्हा हौदवाल्या सभासदांना आमची विनंती आहे की, या उन्हाळ्यात बूच काढण्याआधी चाचणीची पेटी काढा, आणि पाणी काढावेच लागले तर ते शेताला लावा. बाकीच्या सभासदांनाही तितकीच विनंती आहे. हौदावर बोट ठेवण्याआधी आपल्या उसाचे एक तरी क्षेत्र ठिबकखाली आणा. नसेल जमत तर निदान रात्रीच्या बाऱ्यावर माणूस ठेवा. हौदाचा आणि पाटाचा हिशेब एकाच वहीत मांडायचा आहे, कारण दोन्हींचे पाणी एकाच धरणातून येते.