मनाची ओळख : प्रसंग आणि भावना यांमधला विचार

नायगांवास मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयांत जाण्याचा योग आला, कीं परततांना जवळच्या एका आप्तांकडे डोकावण्याचा आमचा परिपाठ आहे. मागें एकदां गेलों, तों घरांतलें वातावरण निराळेंच भासलें. सासूसुना एकमेकींशीं अवाक्षर बोलत नव्हत्या. जिन्यापर्यंत पोंचवावयास आलेल्या यजमानांनीं हळूच सांगितलें, कीं धाकटें जोडपें बिऱ्हाड वेगळें करण्याच्या विचारांत आहे.

भांडण असें झालेंच नव्हतें. सून म्हणे, "मीं कांहीं विचारलें तर आई उत्तरच देत नाहींत, मी त्यांना नकोशी झालें आहें." सासूबाई म्हणत, "ही माझ्यासमोर ओठांतल्या ओठांत पुटपुटते. हिला माझा कंटाळा आला आहे." पुढें कानांची तपासणी झाली, तेव्हां सासूबाईंस बरेंच कमी ऐकूं येतें असें आढळलें! प्रसंग एवढासा, पण त्याला दोघींनीं दोन अर्थ लावले, आणि घर दुभंगूं लागलें तें त्या अर्थांमुळें.

मनाचा हा व्यापार शास्त्रानें दीर्घकाळ बाजूस ठेवला होता. १९१३ सालीं अमेरिकेंत वॉट्सन यांनीं वर्तनवादाचा पुरस्कार केला. बाहेरून आलेलें उद्दीपक आणि त्यावरची प्रतिक्रिया हींच काय तीं मोजावयाचीं. मध्यें मनांत काय घडतें तें शास्त्राच्या कक्षेबाहेरचें, असें त्या पंथाचें म्हणणें. शतकाच्या उत्तरार्धांत हें मत मागें पडलें. १९६७ सालीं नायसर यांच्या ग्रंथानें बोधनिक मानसशास्त्र हें नांव रूढ केलें. त्याच्या मतें मन हें कोरें पात्र नव्हे. तें आलेल्या माहितींतून निवड करतें, तिला पूर्वानुभवाशीं ताडून पाहतें आणि रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतें. सुनेच्या मनानें सासूबाईंच्या मौनाची रिकामी जागा 'नकोशी' या शब्दानें भरली.

हेंच तत्त्व मानसोपचारांत आणलें अल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास, आणि पुढील दशकांत एरन बेक यांनीं. प्रसंग, त्यावरची आपली धारणा आणि तींतून उपजणारी भावना, अशी एलिस यांची साखळी आहे. बेक यांनीं खिन्न रुग्णांच्या मनांत आपोआप उठणारे विचार टिपले व ते पुराव्यावर पारखावयास शिकविलें. महाराष्ट्रांत एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार रुजविण्याचें श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांस आहे. एलिस यांच्याशीं त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता.

येथें घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. "तुझ्या मनाचेच खेळ आहेत," असें म्हणून कोणाचें तोंड बंद करण्यासाठीं हें शास्त्र नाहीं. अन्याय खरोखर होत असेल, तर सुनेचे विचार नव्हे, घराची रीत बदलली पाहिजे. इष्टवियोगाचें दुःख हेंही अविवेकी नव्हे. तें एलिसही उचितच मानीत. आणि खिन्नता आठवडेंच्या आठवडे सरत नसेल, झोंप व अन्न तुटलें असेल, तर घरगुती उपदेश पुरे करून तज्ज्ञांकडेच जावें.

एरवीं मात्र राग आला, कीं स्वतःस दोन प्रश्न विचारावे : माझ्या समजुतीला पुरावा कोणता? आणि याच गोष्टीचा दुसरा कांहीं अर्थ संभवतो काय?

आमच्या आप्तांच्या सासूबाई आतां श्रवणयंत्र लावतात. मनांतील अढी कांहीं त्या यंत्रानें एका दिवसांत गेली नाहीं. दोघींनाही आपापली समजूत चुकली हें कबूल करावें लागलें, आणि तें सोपें नव्हतें. पण परवां गेलों, तेव्हां सून त्यांच्या समोर बसून, सावकाश, वर्तमानपत्र वाचून दाखवीत होती. वेगळ्या बिऱ्हाडाचा विषय कोणीं काढला नाहीं. आम्हींही तो काढला नाहीं.