घोडा बुरुजाएवढा कसा?

गेल्या दिवाळीत चिंचवडच्या एका सोसायटीत किल्ले स्पर्धा झाली. माझी दहा वर्षांची भाची शेवटून दुसरी आली. तिने चाकणचा संग्रामदुर्ग केला होता. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने झुंजवलं, तोच हा भुईकोट. माती, विटांचे तुकडे, पोतं, वर पेरलेले हळीव आणि भोवती खंदक. परीक्षक काका म्हणाले, "किल्ला कसा उंच हवा! आणि घोडा तर दिसतच नाही."

घोडा दिसत नव्हता, कारण तो मापात होता. आमचा मावळा सात सेंटीमीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण १:२४. त्या हिशेबाने घोडा खांद्यापर्यंत सहा सेंटीमीटर आणि नऊ मीटरचा बुरूज साडेसदतीस सेंटीमीटर. पहिला नंबर आला तो विकत आणलेल्या प्लास्टरच्या किल्ल्याचा. त्यावरचा घोडा बुरुजाच्या डोक्याला डोकं लावून उभा होता. तो घोडा खरा असता, तर शाइस्ताखानाला सुरुंग लावायची गरजच पडली नसती. घोड्यावर बसूनच तटावर उतरता आलं असतं.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या खेळाला कसले आलेत नियम? माझं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे.

अमेरिकेत आणि इतरत्र मॉडेल घोड्यांच्या स्पर्धा भरतात. ब्रेयर कंपनीचे मोठे घोडे साधारण १:९ प्रमाणात असतात. त्यांचा शो जम्पिंगचा वर्ग असतो. घोडा हलत नाही, पण परीक्षक त्याच्याकडे खऱ्यासारखं बघतात. खऱ्या मैदानात वरच्या पातळीवर अडथळा १.६० मीटरपर्यंत जातो, मग इथे तो १७.८ सेंटीमीटरच्या पुढे का गेला? लाल झेंडा उजवीकडे आणि पांढरा डावीकडे आहे ना? दांडी धक्का लागताच पडेल अशी टेकवली आहे, की डिंकाने चिकटवली आहे? खऱ्या खेळात दांडी पडली तर चार दोष मिळतात, पण ती पडलीच नाही तर घोड्याचा पाय मोडू शकतो. तंग ढिला आहे का? खोगीर पाठीवर नीट बसलंय का? दुडक्या चालीत घडवलेला घोडा अडथळ्यावर उडी मारतोय असं दाखवलं, तर गुण जातात. मांडणीशेजारी एक कार्ड ठेवतात, त्यावर हा प्रसंग कोणता ते लिहिलेलं असतं.

खेळण्यासाठी एवढा काटेकोरपणा! हसू येतं खरं. आणि तिथेही पैसा चालतोच. हाताने शिवलेलं इवलंसं खोगीर स्वस्त नसतं. पण तिथे हरणाऱ्याला आपण का हरलो हे कळू शकतं.

मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग करतो. टेस्ट फेल झाली की लॉग मिळतो, कुठे काय बिघडलं त्याचा. कारण न सांगता कुणी नुसतं 'फेल' म्हणालं, तर आमच्या टीममध्ये कुणी ते ऐकून घेणार नाही. मग दहा वर्षांच्या मुलीने का ऐकून घ्यायचं?

नियम नसले की मोकळीक मिळते, हा आपला भ्रम आहे. नियम नसले की उंची, लायटिंग आणि खिसा यांचं राज्य येतं. माप मात्र फुकट आहे. फूटपट्टी आणि भागाकार एवढंच लागतं, आणि ते चाळीतल्या पोराकडेही असतं. चाकण-भोसरीच्या या पट्ट्यात आपण नोकरीवर मिलिमीटरच्या चुकीसाठी पार्ट परत पाठवतो. घरी आलो की महाराजांच्या घोड्याला कुठलंही माप चालतं. वर याला आपण इतिहासाचं प्रेम म्हणतो.

यंदा नोटीस बोर्डावर तीनच ओळी लावा. एक, मावळा, घोडा आणि दरवाजा एका प्रमाणात हवेत. दोन, किल्ला कोणता आणि प्रसंग कोणता, ते मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहावं. तीन, परीक्षकाने प्रत्येक मुलाला गुण का गेले ते तोंडावर सांगावं.

निकालानंतर भाचीने मला विचारलं, "मामा, आपला घोडा चुकला का रे?"

घोडा बरोबर होता. पण हे तिला परीक्षकांनी सांगायला हवं होतं. माझ्याकडून ऐकल्यावर तिला ते नुसतं समजूत काढल्यासारखं वाटलं.