यंदाचा निबंध कादंबरीवर घ्या

चांदूर बाजार तालुक्यातल्या हायस्कुलांचे गुरुजी, बाई आणि पालकहो,

निबंध स्पर्धेचे विषय आपल्याकडे ठरलेले असतात. पाणी वाचवा, मोबाइल शाप की वरदान. मुलं निबंध पाठ करून येतात आणि उतरवून जातात. यंदा आठवी ते दहावीच्या मुलांना एक अख्खी कादंबरी वाचायला द्या आणि तिच्यावरच लिहायला सांगा.

कादंबरी शोधायला दूर जायला नको. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची. शिंप्याच्या घरची कौतिक, पुढं महारोगानं पछाडलेला तिचा नवरा, आणि मुलगा शिकावा म्हणून चाललेली तिची ओढाताण. माणसं बोलतात ती आपली वऱ्हाडी. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न लागलेला त्यातला एकनाथ तुमच्या गल्लीत भेटेल. ही दहावीसाठी ठेवा. आठवीच्या मुलांना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ झेपेल. छोटी आहे, आणि सांगणारा एक तरुण मास्तर आहे.

स्पर्धेचं यश प्रश्नावर ठरतं. ‘कादंबरीचा सारांश लिहा’ असं विचारलं की गाइड आणि मोबाइल पुढं येतात. त्याऐवजी विचारा: कौतिकला कोण साथ देऊ शकलं असतं? एकनाथनं शेती सोडावी का? ज्याच्या घरी कपाशी किंवा संत्र्याचा बगीचा आहे, त्या मुलाजवळ याचं स्वतःचं उत्तर असतं. निबंध वर्गातच लिहून घ्या, पुस्तक बाकावर उघडं असू द्या. मुलानं कुठलं पान का निवडलं, यावरून त्यानं वाचलं की नाही ते लगेच समजतं.

आणि कळकळीनं सांगतो, निबंधात वऱ्हाडी शब्द आला म्हणून लाल शाई चालवू नका. शेळक्यांच्या पात्रांना जी बोली चालली ती त्यांच्या वाचकाला नाकारायची, हे मला पटत नाही.

ट्रॉफ्यांचे पैसे पुस्तकांत घाला. पाच-सहा प्रती घेतल्या तरी हातोहात फिरतात. परीक्षकांनी आधी कादंबरी वाचलेली असावी, ही अट मात्र पाळाच. पालकांनी मुलाचा निबंध लिहून देऊ नये. रात्री दोन पानं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावीत. घरातल्या आजीलाही ऐकायला आवडेल.

पुस्तक जुलैत द्या आणि पोळा झाल्यावर लिहून घ्या. दिवाळीनंतर कापूस वेचायला कितीतरी पोरी घरच्यांसोबत वावरात जातात. तेव्हा तारीख ठेवली, तर ज्यांच्या घरची गोष्ट या पुस्तकांत आहे त्याच पोरी वर्गात नसतील.