फ्रेंचला गुण आहेत, मराठीला?

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरमधला एखादा मराठी पदवीधर फ्रेंच क्रियापदे घोकू लागला, तर त्याला कोणी वेडा म्हणू नये. हिशेब साधा आहे. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’त जेमतेम इंग्रजीबरोबर फ्रेंच चांगली आली की ५० गुण जादा मिळतात. २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्याही निघतात. मार्च २०२५ च्या एका फेरीत ३७९ गुणांवर बोलावणे आले. एरवी पाचशे गुणवाले ताटकळत बसतात. (ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही परीक्षा द्याव्या लागतात, तीन महिन्यांची हमी देणाऱ्या क्लासवाल्यांना पालकांनी हे जरूर विचारावे.)

आम्हांस कौतुक वाटते ते तिथल्या सरकारचे. क्यूबेकबाहेर फ्रेंच क्षीण होते आहे हे पाहून त्याने २०२४ साठी क्यूबेकबाहेरच्या नव्या स्थायिकांत ६ टक्के फ्रेंच भाषकांचे लक्ष्य ठेवले. अल्पसंख्य भाषेला भाकरीचे मोल आले, म्हणून ती भोपाळपर्यंत पोचली.

आमच्या सीमाभागात काय आहे? १९५६ पासून घटनेत ३५०-अ कलम आहे; अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा, असे ते सांगते. एवढ्यावर मराठी शाळेतून मुलगा काढणाऱ्या बापाला आपण भाषाद्रोही ठरवतो. मराठीच्या ज्ञानाबद्दल त्या मुलाला इथल्या कचेरीत उद्या किती गुण मिळणार, हे मात्र त्या बापाखेरीज कोणी विचारीत नाही.