बदलीचा खरा हिशेब

सोलापूरहून बेंगळुरूला बदली झाली की पहिला प्रश्न येतो, "कर्नाटकात कर किती?" आयकराचे दर देशभर एकच. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत आहे. त्यावर घटनेच्या २७६ व्या कलमाने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. खिसा रिकामा होतो तो घरापायी! १ जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता सोलापुरात २०, बेंगळुरूत ३० टक्के झाला. पण शहराचा वर्ग लोकसंख्या पाहून ठरतो, घरमालकाचे भाडे पाहून नव्हे. हेब्बाळला खोली घेताना अनामत म्हणूनच कित्येक महिन्यांचे भाडे एकरकमी मोजावे लागते. त्यासाठी वेगळा भत्ता नाही. म्हणून बदलीच्या हुकुमाबरोबर क्वार्टर, नाहीतर अनामतीसाठी बिनव्याजी उचल, असा ठराव प्रत्येक शाखेने करून पाठवावा.