मोरव्याची धावपट्टी आणि आपल्या शाळेतील मुले



आपल्या झाडीपट्टीत विमानाचा आवाज आला की वर्ग थांबतो. शिकवणं कितीही रंगात आलेलं असो, मुलं खिडकीकडे धावतातच. "मॅडम, इमान चाललं!" असं ओरडून कोणीतरी आधी सांगतो आणि मग सगळ्यांच्या माना वर. गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या मुलांना विमानापेक्षा हेलिकॉप्टर जास्त ओळखीचं आहे. निवडणुकीचं पथक घेऊन येणारं, पोलिसांचं, किंवा पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला की रुग्णाला न्यायला येणारं. म्हणजे आपल्या मुलांसाठी आकाशातलं यंत्र हे बहुतेक वेळा अडचणीच्या दिवशी येतं. ते शिकता येतं, आपल्यालाही चालवता येतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आज मोरव्याबद्दल लिहिते आहे.

चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्याने निघालं की दहा-बारा किलोमीटरवर मोरवा लागतं. तिथे सरकारी धावपट्टी आहे. लांबी जेमतेम एक किलोमीटरची, त्यामुळे मोठी प्रवासी विमानं तिथे उतरू शकत नाहीत. त्यासाठी राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगावला नवीन विमानतळ करण्याची चर्चा अनेक वर्षे चालली आहे आणि वनजमीन व वाघांचा भ्रमणमार्ग या प्रश्नांत ती अडकत आली आहे. पण लहान प्रशिक्षण विमानाला मोरव्याची पट्टी पुरते. गेल्या काही वर्षांत नागपूर फ्लाइंग क्लबच्या मदतीने इथे वैमानिक प्रशिक्षण आणण्यात आलं. नागपूरचा हा क्लब जुना आणि सरकारी आहे. मधली काही वर्षे त्याची विमानं जमिनीवरच होती, मग तो पुन्हा सुरू झाला.

आता काही जण म्हणतात, "फ्लाइंग क्लब म्हणजे श्रीमंतांची हौस. आपल्या पोरांचं तिथे काय काम?" हा प्रश्न चुकीचा नाही. व्यावसायिक वैमानिकाचं प्रशिक्षण आज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातं. धान आणि कापूस पिकवणाऱ्या घराला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल. तरीही माझं मत वेगळं आहे, आणि त्याला कारण आहे.

आपल्या देशातलं विमान उड्डाण हौसेच्या क्लबांतूनच वाढलं. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा. तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला तो पहिलाच. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणलं आणि देशाची विमानसेवा सुरू झाली. लाहोरच्या क्लबात शिकून सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये परवाना मिळवला, तोही साडी नेसून विमान चालवत. १९८५ मध्ये कोलकाता ते सिलचर या मार्गावर सगळ्या महिलाच चालवत असलेलं विमान गेलं, त्याच्या कॅप्टन होत्या आपल्या सौदामिनी देशमुख. आणि मुंबईतल्या कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः विमान बांधलं, त्याची सरकारदरबारी नोंदणी २०१७ मध्ये झाली. या सगळ्यांच्या आयुष्यात कधीतरी विमान जवळून बघण्याचा, हात लावून बघण्याचा दिवस आला असणार. मुद्दा तोच आहे. मूल जे जवळून बघतं, तेच त्याला आपलं वाटतं.

मोरव्याची पट्टी सरकारी जमिनीवर, सरकारी पैशातून झालेली आहे. म्हणजे त्यात आपल्या मुलांचाही वाटा आहे. सगळीच मुलं वैमानिक होणार नाहीत, आणि व्हावीत असंही नाही. पण जिल्ह्यात धावपट्टी असूनही आपल्या मुलांनी तिचा फक्त आवाजच ऐकायचा, हे मला पटत नाही.

पहिलं मागणं प्रशासन आणि क्लबकडे. महिन्यातला एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी ठेवा. उड्डाण नको, खर्चही नको. मुलांनी कुंपणाच्या आत यावं, विमान बघावं, दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाशी बोलावं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी कशी फुगते ते पाहावं, एवढंच. आणि पहिला नंबर एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती अशा तालुक्यांतल्या शाळांचा लागावा. शहरातल्या शाळा स्वतःच्या बसने कधीही येऊ शकतात.

दुसरं मागणं आपल्या शिक्षकांकडे. सहल होईल तेव्हा होईल, पण पाठ तर उद्याच घेता येतो.

कागदाची एक लांब पट्टी ओठांजवळ धरून तिच्या वरून जोरात फुंकायला सांगा. पट्टी खाली जाण्याऐवजी वर उचलली जाते. मुलं दहा वेळा करून बघतात. पंख विमानाला कसा उचलतो, या चर्चेची सुरुवात इथून करा.

धावपट्टीच्या टोकांना अंक लिहिलेले असतात. तो अंक म्हणजे होकायंत्राचे अंश भागिले दहा. नागपूरला एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला ३२ आहे. वजाबाकी करा, १८ येते. कोणत्याही धावपट्टीला फरक १८ च का येतो? पाचवीतला मुलगा थोडा विचार करून सांगतो, "मॅडम, उलट दिशा म्हणजे १८० अंश!" कोनाचा पाठ याहून चांगला कसा घेणार?

प्रशिक्षणात वापरलं जाणारं सेसना १७२ हे चार आसनांचं विमान. पंखांची रुंदी साधारण ११ मीटर. माणसं आणि इंधन भरूनही वजन अकराशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या गावातल्या रिकाम्या बोलेरोपेक्षाही कमी. शाळेच्या मैदानावर चुन्याने ११ मीटरची रेघ मारा आणि मुलांना त्यावर हात पसरून उभं करा. किती मुलं लागतात ते मोजा.

आणि आपलं ऊन! चंद्रपूरचा मे महिना सगळ्या देशात गाजतो. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखाला कमी आधार मिळतो आणि विमानाला उडायला जास्त लांब धावावं लागतं. त्याच तापून वर जाणाऱ्या हवेवर घारी पंख न हलवता गोल गोल फिरतात. मुलांनी घार रोज पाहिलेली असते. तिच्यापासून विज्ञान सुरू करा, विमानापर्यंत आपोआप पोचाल.

तिसरं बोलणं पालकांशी. ज्यांची मुलं-मुली खरंच या वाटेने जायचं म्हणतात, त्यांनी भावनेच्या भरात जमीन विकू नये. आधी नियम समजून घ्या. १६ वर्षे पूर्ण झाल्यावर विद्यार्थी वैमानिक परवाना मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी वय १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा असला म्हणून घाबरू नका, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर अडचण येऊ शकते आणि ते आधीच कळलेलं बरं. कोणत्याही अकादमीची जाहिरात बघितली की ती संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते तपासा. आपल्या विभागात गोंदियाजवळ बिरसीलाही प्रशिक्षण संस्था आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. पूर्ण खर्च निघेल असं धरून चालू नका, पण समाजकल्याण कार्यालयात किंवा आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी माहिती मागा.

आणि एक लक्षात ठेवा. विमान एकटा वैमानिक उडवत नाही. विमान दुरुस्त करणारा अभियंता, हवामान सांगणारा, नियंत्रण कक्षात बसणारा, इंधन भरणारा, अशी किती माणसं त्यामागे असतात. ही कामंही मानाची आहेत आणि त्यांचा खर्च वैमानिकाएवढा नाही. "पायलटच हो" असा हट्ट लेकरांच्या मागे लावू नका.

एक शंका मलाही आहे. आपण जंगलाच्या शेजारी राहतो. ताडोबा जवळ आहे. उड्डाणं वाढली तर आवाजाचा, पक्ष्यांचा विचार करावाच लागेल. मुलांना विमान दाखवताना हा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा. कोणत्या दिशेने उडावं, कोणत्या वेळी उडू नये, यावर त्यांना बोलू द्या. जंगलातल्या मुलांना याचं उत्तर आपल्यापेक्षा चांगलं सुचू शकतं.

तर मित्रांनो, येत्या केंद्र परिषदेत हा विषय मांडा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घ्या, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जाऊ द्या. एका शाळेचं पत्र फाईलमध्ये पडून राहील, पन्नास शाळांची पत्रं पडून राहणार नाहीत. आणि पत्र मुलांकडूनच लिहून घ्या. पाचवीच्या पत्रलेखनाला याहून खरा विषय कुठे मिळणार?