घंटा, कान आणि शाळा

जिनमंदिरातील घंटा वाजली की तो दोन्ही कान घट्ट दाबून धरतो. वय पाच वर्षे. णमोकार मंत्र एका दमात, बिनचूक म्हणतो. मात्र पाठशाळेतील ताईंनी नावाने हाक मारली तर मान वर करीत नाही. ‘त्याचे आजोबाही उशिराच बोलू लागले होते,’ असे म्हणत घरच्यांनी दोन वर्षे काढली. अखेर डॉक्टरांनी निदान सांगितले : स्वमग्नता.

सांगली जिल्ह्यातील या कुटुंबाने पुढे जे केले, ते अनेक घरांत घडते. लोक काय म्हणतील, थोरलीचे लग्न कसे जमेल, या धास्तीने अहवाल कपाटात गेला आणि मुलाचे नाव एका मोठ्या इंग्रजी शाळेत घातले गेले. भरगच्च वर्ग, ध्वनिक्षेपकावरील प्रार्थना, कर्कश घंटा. तिसऱ्याच आठवड्यात तक्रार आली : ‘मुलाला शिस्त नाही, वर्गातून पळतो.’ तो कशापासून पळतो हे शाळेला ठाऊक नव्हते, कारण कोणी सांगितलेच नव्हते.

‘पूर्वकर्माचे फळ’ असे नातलग सहज बोलून जातात. परंतु कर्मसिद्धान्त आई-वडिलांना दोष देण्यासाठी सांगितलेला नाही; तो पुरुषार्थाला पूर्ण वाव देतो. अहवाल कपाटातून बाहेर काढणे हा पालकांचा पहिला पुरुषार्थ होय.

दुसरा प्रश्न शाळेचा. सामान्य शाळा चांगली की विशेष शाळा, असा वाद घरोघरी चालतो. येथे अनेकान्ताची दृष्टी उपयोगी पडते. एका मुलाला जी शाळा फुलवते तीच दुसऱ्याला कोमेजून टाकते. आणि आज योग्य असलेली शाळा दोन वर्षांनी योग्य राहीलच असे नाही. म्हणून आधी मूल पाहावे, मग शाळा. त्याला कोणता आवाज सोसत नाही, तो शब्दांनी समजतो की चित्रांनी, शौचास जायचे आहे हे सांगू शकतो का, याची नोंद पालकांनी स्वतः करावी. शाळा पाहायला मधल्या सुट्टीत जावे. कार्यालयातील शांतता फसवी असते. वर्गात किती मुले, मूल गोंधळले तर बसायला शांत कोपरा आहे का, मदतीला कोण असेल, हे स्पष्ट विचारावे. सध्याच्या ‘अवघड’ मुलांविषयी शिक्षक कोणत्या शब्दांत बोलतात, तेही ऐकावे. माहितीपत्रकापेक्षा ते अधिक सांगून जाते.

कायदाही पालकांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. शासनमान्य अथवा अनुदानित शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे तो सांगतो. प्रमाणपत्रानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यासाठी प्रमाणपत्र काढावे लागते. ते काढण्यास लाजू नये.

या कुटुंबाने अखेर घराजवळची लहान मराठी शाळा निवडली. मोठ्या शाळेचा मान सोडताना वडिलांना जड गेले. नव्या बाईंसमोर त्यांनी अहवाल ठेवला, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. बाईंनी तो वाचून एवढेच विचारले, ‘त्याला काय आवडते?’ आता तो दाराजवळच्या बाकावर बसतो, दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर पाहतो आणि आठवड्यातून तीन दुपारी थेरपीला जातो. काही दिवस अजूनही रडण्यात जातात. दर सहा महिन्यांनी घर आणि शाळा एकत्र बसून पुन्हा विचार करतात.

पाठशाळेच्या ताईंनीही एक बदल केला आहे. घंटा वाजविण्यापूर्वी त्या त्याच्याकडे पाहून हात वर करतात. तो कान झाकून तयार होतो, आणि मग घंटा वाजते.